उघड्या हवेत ९०० अंशांना टिकणारी मूस: कोणते नायट्राइड निवडावे?

धागाकर्ता: वितळलेले ॲल्युमिनियम ९०० अंश सेल्सिअसला उघड्या हवेत काही तास धरून ठेवेल, अशी छोटी मूस प्रयोगशाळेसाठी करावयाची आहे. ग्रॅफाइटची मूस हवेत झिजत जाते. म्हणून नायट्राइडांचा, म्हणजे धातू व नायट्रोजनच्या संयुगांचा, विचार आहे. तक्त्यांत हाफ्नियम नायट्राइडचा वितळबिंदू सुमारे ३,३०० अंश, तर टायटॅनियम नायट्राइडचा २,९५० अंशांच्या आसपास दिसतो. दुसरे स्वस्त असल्याने कल तिकडे आहे. नायट्रोजन सोडता येणारी १,२०० अंशांची नळीभट्टी आणि बॉल मिल (गोळ्यांनी भुकटी दळणारे यंत्र) हाताशी आहे. भुकटी स्वतः करावी की विकत घ्यावी?

प्रतिसाद १: केवळ वितळबिंदू पाहून निवड केल्यास फसगत होते, कारण तो आकडा ऑक्सिजन नसलेल्या वातावरणातला असतो. हवेत टायटॅनियम नायट्राइडचे ऑक्सिडीभवन ६०० अंशांच्या आसपासच जाणवू लागते आणि आपल्या तापमानाला ती सुंदर सोनेरी मूस रूटाइल, म्हणजे टायटॅनियमचे ऑक्साइड, होऊन जाईल. (हेच संयुग ऑस्बॉर्नाइट या खनिजाच्या रूपात प्रथम सापडले, ते १८५२ साली उत्तर प्रदेशातील बस्तीजवळ पडलेल्या अशनीत.) झिर्कोनियम आणि हाफ्नियमच्या नायट्राइडांचीही हवेत हीच गत होते.

माझी शिफारस ॲल्युमिनियम नायट्राइडची आहे. वितळलेले ॲल्युमिनियम त्याला खात नाही आणि हवेत त्याच्या पृष्ठभागावर धरणारा ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा) पातळ थर आतल्या भागाचे रक्षण करतो.

धागाकर्ता: मग ॲल्युमिनियमची भुकटी नायट्रोजनमध्ये तापवून ते आम्हीच करावे का?

प्रतिसाद १: करता येईल, परंतु ती अभिक्रिया बरीच उष्णता सोडते, धातू ६६० अंशांना वितळतो, कण एकमेकांना चिकटतात आणि गोळ्याच्या आत धातू तसाच उरतो. तयार नायट्राइड मिसळून तापमान सावकाश चढवल्यास हे आटोक्यात राहते. ॲल्युमिना व कार्बन नायट्रोजनमध्ये तापवण्याच्या मार्गाला १,६०० अंशांहून अधिक तापमान लागते, म्हणजे तो आपल्या भट्टीबाहेरचा आहे. भुकटी विकत घ्यावी, हे बरे.

दळताना पाणी मुळीच वापरू नये, कारण पाण्याशी संयोग होऊन अमोनिया सुटतो आणि हायड्रॉक्साइड उरते. कोरडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. वजनाच्या ३ ते ५ टक्के यिट्रिया (यिट्रियमचे ऑक्साइड) मिसळावी, कारण कणांवरील ॲल्युमिनाशी मिळून ती उच्च तापमानाला द्रवरूप होते, त्या द्रवामुळे कण एकमेकांत घट्ट बसतात आणि ऑक्सिजनही कणांबाहेर ओढला जातो. सिंटरिंग (दाबून आकार दिलेली भुकटी तापवून घट्ट करणे) मात्र नायट्रोजनमध्ये १,८०० ते १,८५० अंशांना करावे लागते, तेव्हा ते ग्रॅफाइटची भट्टी असलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावे.

प्रतिसाद २: ९०० अंशांना साधी ॲल्युमिनाची मूसही चालते आणि ती कितीतरी स्वस्त पडते. एवढा खटाटोप कशासाठी?

धागाकर्ता: आम्हाला मूस काही मिनिटांत तापवावी लागते आणि ॲल्युमिनाच्या दोन मुशी तशा तडकल्या.

प्रतिसाद १: तर नायट्राइडच योग्य. चांगल्या प्रतीच्या सिंटरित नमुन्याची उष्णतावाहकता १७० वॅट प्रतिमीटर प्रतिकेल्विनपर्यंत जाते, ॲल्युमिनाची ३० च्या आसपास राहते; शिवाय नायट्राइड तापल्यावर कमी प्रसरण पावते, त्यामुळे झटपट तापवले तरी ते सहजी तडकत नाही. भुकटीचा डबा मात्र पावसाळ्यात हवाबंदच ठेवावा.