सीझनच्या तोंडावर पोस्टग्रेस 13 वरून 18 वर उडी मारावी की जूनपर्यंत थांबावं?

पेटीवाला, रत्नागिरी
मंडळी, मी इथल्या एका आंबा पॅकिंगवाल्याचं पेट्यांचं आणि पट्ट्यांचं सॉफ्टवेअर बघतो. (पट्टी म्हणजे वाशीच्या दलालाकडून येतो तो हिशेबाचा कागद, घाटावरच्यांसाठी सांगितलं.) डेटा ठेवलाय पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या 13 व्या आवृत्तीत, आणि 13 चा सपोर्ट 13 नोव्हेंबर 2025 लाच संपलाय, म्हणजे आता काही भोक सापडलं तरी बुजवायला कोणी येणार नाही. आत्ता जानेवारी आहे, मोहोर बघून सगळे खुश आहेत, फोन येत नाहीत. माझं मत, आत्ताच 18 करून टाकावं. मार्च ते मे कोणी श्वास घेऊ देत नाही.

दर्यावर्दी
मेल्या, मार्चात पेटी सुटतली आणि तू आता इंजिन खोलूक बसतंस? आमचे लोक 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असता तेव्हाच होडीची कामां काढतत. तू पण जूनात कर. 13 नोव्हेंबरात संपला म्हणान काय उद्या सकाळी बंद पडतला?

पेटीवाला
बंद नाही पडणार, ते खरं. पण जूनात आमच्याकडे लाईट किती वेळ असते ते तुला सांगायला नको. अर्ध्या अपग्रेडमध्ये लाईट गेली आणि यूपीएसने मान टाकली तर?

खाडीकाठची
दादा, मी दर्यावर्दींच्या बाजूने, पण कारण वेगळं. मागे आम्ही 9.6 वरून 13 वर गेलो तेव्हा अपग्रेड झालं तासाभरात, सगळे चहाला गेलो, आणि संध्याकाळी एक पट्टी छापायला चार मिनिटं लागायला लागली. कारण एवढंच की अ‍ॅनालाइझ (कुठल्या टेबलात काय किती आहे त्याची आकडेवारी काढणारी कमांड) चालवायचं राहून गेलेलं, आकडेवारीच कोरी, मग कुठल्या वाटेने शोधायचं ते ठरवणारा प्लॅनर बिचारा अंदाजपंचे. त्या दिवशी मालकाचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. तेव्हापासून मी एकच म्हणते, ज्या आठवड्यात चूक परवडते त्या आठवड्यातच करा.

पेटीवाला
ताई, नेमकं तेच 18 मध्ये सुधारलंय. पीजी_अपग्रेड, म्हणजे आवृत्ती बदलून देणारं टूल, आता जुनी आकडेवारी सोबत घेऊन येतं. फक्त क्रिएट स्टॅटिस्टिक्स कमांडने मुद्दाम बनवलेली येत नाही, तेवढ्यासाठी व्हॅक्यूमडीबी या देखभालीच्या टूलला मिसिंग-स्टॅट्स-ओन्ली (नसेल तेवढीच आकडेवारी काढ) असा नवीन पर्याय दिलाय. शिवाय आमचा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे हंगाम आणि दलाल या क्रमाने, आणि मालक विचारतो नुसतं "अमक्या दलालाचं आजवरचं काढ". 13 त्यावर रडतखडत चालायचं. 18 मध्ये स्किप स्कॅन आलाय, हंगाम जेमतेम 11 आहेत म्हणजे प्रत्येक हंगामात उडी मारत दलाल शोधेल.

साधा_सिंधुदुर्ग
स्किप स्कॅनसाठी अख्खं घर हलवायचं? दलालावर एक वेगळा इंडेक्स टाक, दोन मिनिटांचं काम. आणि ते 18 मधलं असिंक्रोनस आयओ (एक वाचून होईपर्यंत न थांबता पुढचं मागवणं) म्हणून जो गाजावाजा चाललाय ना, तुझा डेटा रॅममध्ये मावत असेल तर त्यातलं तुला फारसं काही जाणवणार नाही, ते डिस्कवरून मोठमोठं वाचणाऱ्यांसाठी. त्यातली आयओ_युरिंग ही पद्धत तर लिनक्सवरच चालते, तुझा सर्व्हर विंडोज ना? खरं कारण सपोर्ट संपला एवढंच आहे, आणि त्यासाठी 17 पण चालेल, तोही 2029 च्या नोव्हेंबरपर्यंत आहे.

पेटीवाला
इंडेक्सचं मान्य, लाज वाटली. पण हलवायचंच तर 17 वर कशाला, 18 ला 2030 पर्यंत बघावं लागत नाही. 18.1 पण नोव्हेंबरातच आलंय.

खाडीकाठची
मग निदान हे बघा. 18 मध्ये नवीन क्लस्टर (डेटाबेसचं अख्खं डेटा फोल्डर) बनवताना चेकसम, म्हणजे डेटा खराब झालाय का ते पकडणाऱ्या खुणा, आपोआप चालू असतात. तुमच्या 13 मध्ये बंद असतील तर पीजी_अपग्रेड तिथेच अडून बसेल. एकतर नवा क्लस्टर नो-डेटा-चेकसम्स देऊन बनवा, नाहीतर जुना सर्व्हर थांबवून पीजी_चेकसम्सने चालू करून घ्या, मी दुसरं करीन. आधी पीजी_अपग्रेडच्या चेक पर्यायाने कोरडी तालीम करायची. आणि लिंक पर्यायाचा (फाइली कॉपी न करता जुन्याच वापरायच्या) मोह नको हो! लिंकने झटपट होतं पण नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुना परत वापरता येत नाही. जागा दुप्पट लागली तरी चालेल, कॉपीनेच करा.

दर्यावर्दी
आणि ती पॅकिंगमधली जुनी कॉम्प्युटरां? 14 पासून नवे पासवर्ड आपसूक स्क्रॅम या नव्या पद्धतीन ठेवतत. जुने चालतत, पण एप्रिलात नवो पोरगो कामाक ठेवलो, त्याका युजर बनवलो, आणि डेटाबेसाक जोडणाऱ्या जुन्या ड्रायव्हर सॉफ्टवेअराक ता समाजला नाय, मग? रात्री दोनाक गाडी भरूची आसता तेव्हा माका फोन करू नको.

पेटीवाला
हे मात्र डोक्यातच नव्हतं. गोडाऊनातला एक पीसी तर विंडोज सातवर आहे, त्यावर गणपतीचा स्टिकर आहे म्हणून कोणी हात लावत नाही.

रविवारी बॅकअप जुन्या लॅपटॉपवर उतरवतो, तिथे 18 करतो, गोडाऊनातल्या त्याच पीसीवरून नवा युजर बनवून पट्टी छापून बघतो. छापली तर 26 जानेवारीच्या सुट्टीत करणार, दर्यावर्दी कितीही ओरडू दे. नाही छापली तर तो पीसी आधी बदलायला लागेल, आणि मालक पैसे पहिली पट्टी आल्याशिवाय सोडत नाही.

दर्यावर्दी
म्हणजे जूनच.