बीटा-लॅक्टमेजची वर्गवारी: क्रमावरून की कामावरून?

रेणूवेध:
प्रथिनात एखादं डोमेन, म्हणजे ठराविक घडणीचा भाग, दिसलं की त्यावर लगेच कामाची पाटी लावतात, हे मला धोक्याचं वाटतं. मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज डोमेनच घ्या. नाव पडलं बीटा-लॅक्टमेजवरून, म्हणजे पेनिसिलिनच्या जातकुळीतली औषधं फोडणाऱ्या जिवाणूंच्या एन्झाइमवरून. पण तीच घडण माणसाच्या ग्लायऑक्सॅलेज-२ या एन्झाइममध्ये आहे, त्याचा प्रतिजैविकांशी काही संबंध नाही. सीपीएसएफ-७३ या प्रथिनातही आहे, ते तर आरएनए कापतं! मग नव्या जीनोममध्ये हे डोमेन सापडताच 'औषधाला दाद न देणारं' असं कसं लिहायचं? वर्गवारी कामावरूनच हवी. बुश आणि जॅकोबी या संशोधकांची आहे तशी: कोणतं औषध फुटतं, कोणता रोधक त्याला अडवतो.

सातारकर:
नाही पटत. काम बदलतं, कुळ बदलत नाही. टेम-१ या बीटा-लॅक्टमेजमध्ये २३८ व्या जागी ग्लायसीन जाऊन सेरीन आलं की सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविकही फुटायला लागतं आणि बुश-जॅकोबींचा गट २बी चा होतो २बीई. एका अमिनो आम्लापायी घर बदलायचं? अँब्लर या संशोधकांनी १९८० मध्ये अमिनो आम्लांच्या क्रमावरून वर्ग पाडायला सुरुवात केली. आज ए, सी, डी हे वर्ग सेरीनवाले (सेरीन या अमिनो आम्लानं औषध फोडणारे) आणि बी जस्तवाला, हा पाया पक्का आहे. शिवाय हजारो क्रमांमागचं प्रत्येक प्रथिन शुद्ध करून तपासणार कोण?

रेणूवेध:
पण रुग्णाच्या जिवावर बेततं ते त्या एका अमिनो आम्लामुळेच. ते नोंदीत दिसायला नको?

प्रयोगशाळाताई:
मी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीव विभागात काम करते. केपीसी हे बीटा-लॅक्टमेज वर्ग ए चं, एनडीएम बी चं, ऑक्सा-४८ डी चं. तिन्ही कार्बापेनेम गटातली प्रतिजैविकं फोडतात, पण नुसतं 'कार्बापेनेमेज' कळवून डॉक्टरांचं भागत नाही. अ‍ॅव्हिबॅक्टम हे रोधक औषध केपीसी आणि ऑक्सा-४८ ला रोखतं, एनडीएमला नाही. तिथे धरायला सेरीनच नसतं. म्हणून वर्ग लागतोच, माझं मत सातारकरांच्या बाजूनं.

रेणूवेध:
ताई, एनडीएम अ‍ॅझ्ट्रिओनॅम हे प्रतिजैविक फोडत नाही, हे प्रयोगातूनच कळलं ना? अ‍ॅझ्ट्रिओनॅम आणि अ‍ॅव्हिबॅक्टम ही जोडी त्यावरच उभी आहे. आणि ईडीटीए या धातू धरणाऱ्या रसायनानं जस्त काढून घेऊन वर्ग बी ओळखतो, तीही कामाचीच चाचणी.

सातारकर:
ग्लायऑक्सॅलेजचा मुद्दा मानतो. त्या डोमेनच्या नावात 'लॅक्टमेज' नकोच होतं. पण मुख्य खातं कुळाचंच राहू दे. कामाची नोंद त्याखाली करा, तीसुद्धा प्रयोग झाला असेल तरच. नाहीतर जागा कोरी ठेवा.