उन्हाळ्यात चेरी श्रिंप एकेक करून मरत आहेत. कारण उष्णता की बोअरचे पाणी?

कृष्णकमळ, जुळे सोलापूर

नमस्कार. दिवाळीनंतर मी ४० लिटर पाण्याची एक टाकी केवळ चेरी श्रिंपसाठी (मत्स्यालयात पाळतात त्या गोड्या पाण्यातील लहान कोळंबीसाठी) बसवली. तळाला धुतलेली बारीक वाळू, जावा मॉस आणि हॉर्नवर्ट या पाणवनस्पती, एक स्पंज फिल्टर आणि हवेचा पंप एवढेच तिच्यात आहे. श्रिंप सोडण्यापूर्वी टाकी महिनाभराहून अधिक काळ तशीच चालू ठेवली होती आणि अमोनिया व नायट्राइट ही विषारी द्रव्ये शून्यावर आल्याची खात्री करून घेतली होती. थंडीत सर्व उत्तम चालले. माद्यांच्या पोटाखाली अंडी दिसू लागली आणि पिल्लेही वाढली. होळीनंतर मात्र दर दोन-चार दिवसांनी एखादी श्रिंप मेलेली आढळते, आणि मेलेल्यांपैकी बहुतेकींच्या मानेमागे अंगाभोवती पांढरे वलय दिसते.

आमच्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येते व ते पिण्यासाठी साठवावे लागते, म्हणून टाकीत बोअरचे पाणी वापरते. आटलेले पाणी रोज भरून काढते आणि आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलते. काल दुपारी पाण्याचे तापमान ३१ अंश, पीएच ८.२, अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट १० पीपीएम होते. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, पीपीएममध्ये) ६२० आहे, टाकीतील पाण्याचा मात्र १०४०. मोठा फिल्टर बसवावा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शेवाळप्रेमी, होटगी रस्ता

ताई, अमोनिया आणि नायट्राइट शून्य असताना मोठ्या फिल्टरने काहीही साधणार नाही. तो खर्च करू नये. प्रथम तापमानाकडे पाहावे. चेरी श्रिंपना २२ ते २६ अंश मानवते, २८ पर्यंत त्या तग धरतात आणि ३० च्या वर त्यांच्यावर ताण येऊ लागतो. त्यातच पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे श्रिंपची गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते, ही एक सोय आहे. काचेचे झाकण काढून त्याजागी जाळी लावावी आणि एक लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडावा. तापमान २ ते ४ अंशांनी सहज उतरते. दिवे दुपारी न लावता रात्री लावावेत. बर्फाच्या बाटल्या मात्र टाकू नयेत, कारण तापमान तासाभरात खाली जाते आणि पुन्हा तितकेच वर येते, आणि हा चढउतार स्थिर उष्णतेपेक्षाही अधिक घातक ठरतो. वीज जाते त्या वेळेसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असू द्यावा.

भीमाकाठ, अक्कलकोट रस्ता

उष्णतेचा मुद्दा योग्य आहे, परंतु माझ्या मते मूळ दुखणे आपण दिलेल्या शेवटच्या दोन आकड्यांत आहे. बोअरचे पाणी ६२० आणि टाकीचे १०४०, हा फरक बाष्पीभवनाने निर्माण झाला आहे. पाणी आटते तेव्हा केवळ पाणीच उडून जाते. त्यातील चुना व इतर क्षार टाकीतच राहतात, आणि आपण भरपाईला जे पाणी ओतता त्याबरोबर नवे क्षार येतात. उन्हाळ्यात ४० लिटरच्या टाकीतून रोज एक लिटर पाणी आटते असे धरले आणि ती तूट ६०० टीडीएसच्या पाण्याने भरली, तर महिन्याभरात १८ ग्रॅम क्षार जमा होतात, म्हणजे टीडीएसमध्ये ४५० ची भर पडते. हीच तूट ५० टीडीएसच्या आरओ पाण्याने भरली, तर वाढ ४० च्याही आत राहते. वर सुचवलेल्या पंख्याने बाष्पीभवन आणखी वाढणार आहे, म्हणून आरओच्या पाण्याची सोय केल्याखेरीज पंखा लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता पांढऱ्या वलयाविषयी. श्रिंप कात टाकते तेव्हा पाठीचे कवच आणि पोटाकडचा भाग यांच्या सांध्यावर वरच्या बाजूने चीर पडते आणि श्रिंप झटका देऊन त्यातून बाहेर येते. कात टाकण्यात बिघाड झाला की जुने कवच अंगाभोवती पूर्ण गोलाकार तडकते आणि आतली श्रिंप अडकून राहते. तेच आपल्याला दिसणारे वलय. एकदा वलय दिसले की ती श्रिंप क्वचितच वाचते, त्यामुळे लक्ष उरलेल्यांवर द्यावे. क्षारांचे प्रमाण फार वाढणे हे याचे एक कारण आहे, आणि पाण्याचे गुणधर्म एकाएकी बदलणे हे दुसरे. आपल्या टाकीत दोन्ही घडत आहे: आठवडाभर टीडीएस चढतो आणि एक तृतीयांश पाणी बदलताच सुमारे दीडशेने खाली येतो. अशा धक्क्याने श्रिंप वेळेपूर्वीच कात टाकू लागतात.

म्हणून मोठे बदल थांबवावेत. दर दोन-तीन दिवसांनी दोन लिटर पाणी काढून तेवढेच आरओचे पाणी बारीक नळीने थेंबथेंब सोडावे, आणि काही आठवड्यांत टीडीएस ३०० ते ३५० पर्यंत उतरू द्यावा. हे सारे एका दिवसात उरकल्यास आज जिवंत असलेल्या श्रिंपही जातील. संपूर्ण टाकी आरओच्या पाण्याने भरणे हेही चुकीचेच, कारण कवचासाठी कॅल्शियम लागते. जीएच (पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे प्रमाण) ६ ते १० च्या दरम्यान राहिला पाहिजे.

हौशी मत्स्यपालक, बाळे

वरील निदान मला पटते. एक सावधगिरी तेवढी सांगतो. आजकाल घरच्या अनेक आरओ यंत्रांत तांबे मिसळणारा कार्ट्रिज असतो. माणसांना चालणारे हे तांबे श्रिंपना अगदी अल्प प्रमाणातही विषारी असते, त्यामुळे अशा यंत्राचे किंवा तांब्याच्या हंड्यात ठेवलेले पाणी टाकीत घालू नये. उजनीचे नळाचे पाणी वापरायचे झाल्यास त्यातील क्लोरीन आधी घालवावे. तसेच डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी येणारे आरोग्य कर्मचारी साठवणीच्या पाण्यात टेमीफॉस हे डासांच्या अळ्या मारणारे औषध टाकतात. ते काम आवश्यकच आहे, पण हे औषध श्रिंपनाही मारते. अशा हौदाचे पाणी मत्स्यालयाला वर्ज्य समजावे. डासांची अगरबत्ती आणि लिक्विडही त्या खोलीत नको. आपल्याकडे श्रिंप सावकाश, एकेक करून जात आहेत. कीटकनाशक असते तर बहुतेक टाकी एका रात्रीत संपली असती.

कृष्णकमळ, जुळे सोलापूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आमच्या आरओ यंत्रात तांब्याचा कार्ट्रिज नाही, याची खात्री केली. त्या पाण्याचा टीडीएस ४५ आहे. जीएच तपासला तो २४ निघाला. आजपासून भरपाई याच पाण्याने करीन आणि पंखाही लावीन. दोन माद्यांकडे सध्या अंडी आहेत. त्यांना दुसऱ्या भांड्यात हलवावे का?

भीमाकाठ, अक्कलकोट रस्ता

हलवू नये. जागा बदलल्याच्या ताणाने मादी अंडी टाकून देते किंवा अंड्यांसकट कात टाकते. अंडी फुटायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात आपला टीडीएसही बराच खाली आलेला असेल. टाकलेल्या काती काढू नयेत. श्रिंप त्या खाऊन कॅल्शियम परत मिळवतात. खाद्य निम्म्यावर आणावे, कारण ८.२ पीएच आणि ३० अंशांना एकूण अमोनियाचा सुमारे दहावा हिस्सा विषारी रूपात असतो, आणि उरलेले अन्न कुजल्यास या उष्णतेत सावरायला वेळ मिळत नाही. उकळत्या पाण्यातून काढलेले पालकाचे एक पान आणि देशी बदामाचे वाळलेले पान एवढे त्यांना पुरेसे आहे. नव्या श्रिंप मृगाचा पाऊस पडून गेल्यावरच आणाव्यात.