८ टीबीच्या दोन डिस्क: मिरर करायच्या की दुसरी घराबाहेर ठेवायची?

धागाकर्ता (पुणे)
जुन्या डेस्कटॉपवर जेलीफिन (आपले सिनेमे-फोटो घरातल्या टीव्ही-फोनवर दाखवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) टाकून वर्ष झालं, आता ८ टीबीच्या दोन नव्या डिस्क आणल्यात. डेटा ५ टीबी. त्यातले ४ टीबी म्हणजे स्वतःच्या डीव्हीडी-व्हीसीडी रिप केलेल्या (डिस्कवरून फाइल करून घेतलेल्या), त्या गेल्या तरी परत मिळतील, उरलेल्या १ टीबीत घरचे फोटो, बाबांनी शूट केलेल्या मिनीडीव्ही टेप्स आणि आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग. सगळे म्हणतात रेड १ कर, म्हणजे मिरर, दोन्ही डिस्कवर सतत तोच डेटा, एक डिस्क गेली तरी दुसरी आहेच. मला हे पटत नाही. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, एकीवरून फाइल उडाली की दुसरीवरूनही त्याच क्षणी उडते, आणि एसएमपीएसने (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायने) दगा दिला तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात. मागे आरसिंक (फोल्डर कॉपी करायचं टूल) चालवताना सोर्स डिस्क बंद पडल्याने माउंटच झाली नव्हती, म्हणजे तिचं फोल्डर रिकामं दिसत होतं, सोर्समध्ये नाही ते डिलीट करायचा ऑप्शन चालू होता, कॉपीचं २०० जीबीचं फोल्डरही रिकामं झालं. पंधरा टेप्स होत्या. तासाभराची टेप कॅप्चर करायला तासच लागतो, साधारण १३ जीबी होते, टेप्स अजून चालत होत्या म्हणून निभावलं. म्हणून माझं म्हणणं, एक डिस्क सर्व्हरमध्ये, दुसरीवर महिन्यातून एकदा कॉपी आणि ती ताईच्या घरी.

प्रतिसाद (नाशिक)
असहमत. महिन्यातून एकदा कॉपी म्हणजे डिस्क गेली तर महिन्याभराचे फोटो गेले, ते कोण देणार? आणि डिलीटचा मुद्दा झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या स्नॅपशॉटने (त्या क्षणीच्या फाइल जशाच्या तशा धरून ठेवणं) सुटतो, दर तासाला घेता येतो, जागा फक्त बदललेल्या भागाची लागते. मोठी गोष्ट वेगळीच आहे, फाइल हळूच खराब झाली तर तुम्हाला कळणार कसं? एकट्या डिस्कवर झेडएफएस चेकसमवरून (डेटावरून काढून ठेवलेल्या पडताळणीच्या आकड्यावरून) सांगेल की बिघडलीये, पण दुरुस्त करायला चांगली प्रत लागते आणि ती मिररमध्ये असते. झेडएफएसही नसेल तर तुम्ही तीच खराब फाइल ताईकडच्या डिस्कवर कॉपी कराल.

धागाकर्ता
चेकसमचा मुद्दा मान्य, झेडएफएसच टाकतो. पण स्नॅपशॉट पण त्याच डब्यात राहतो ना दादा. चोरी झाली, आग लागली, मग? दोन दिवस घरी सिनेमा लागला नाही तर काही बिघडत नाही, हे काय हॉस्पिटल नाही. पैसे दोनच डिस्कचे असतील तर दुसरी बाहेरच हवी.

प्रतिसाद (चिपळूण)
२२ जुलै २०२१ ला आमच्याकडे तळमजला पाण्यात होता. कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात. मिरर, स्नॅपशॉट, काय वाट्टेल ते असतं तरी चिखलच मिळाला असता. फक्त तुमची ताई त्याच नदीकाठी राहत असेल तर उपयोग नाही, दुसऱ्या गावी ठेवा. आणि कोकणात असाल तर टेप्स पावसाळ्याआधी कॅप्चर करून घ्या, बुरशी लागली की ती टेप डेकमध्ये घालायचीही भीती वाटते.

प्रतिसाद (ठाणे)
माझा आक्षेप "४ टीबी परत मिळतील" या गृहीतावर आहे, कोणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. जुन्या मराठी नाटकांच्या किती व्हीसीडी आता दुकानात मिळतात? माझ्याकडच्या कित्येक पुन्हा कुठे दिसल्याच नाहीत, काही डिस्क तर आता वाचल्याही जात नाहीत. शिवाय ३०० डिस्क धरल्या तरी गुणिले वीस मिनिटं म्हणजे शंभर तास, ते कोण भरून देणार. जेलीफिनचं कॉन्फिग आणि डेटा फोल्डरपण विसरू नका, हाताने दुरुस्त केलेली नावं, पोस्टर, कोणी काय कुठपर्यंत पाहिलं, सगळं त्यातच असतं. सर्व्हर बंद करून कॉपी करा, चालू डेटाबेसची कॉपी अर्धवट निघू शकते.

प्रतिसाद (बंगळूर)
१ टीबी क्लाउडवर टाका की. १०० एमबीपीएसचा अपलोड पूर्ण मिळाला तर साधारण २२ तास, ३० चा असेल तर तीन दिवस, एकदाच करायचंय. रेस्टिक या बॅकअप टूलने एन्क्रिप्ट होऊनच जातं. पासवर्ड कागदावर लिहून घराबाहेरही ठेवा, तो हरवला तर डेटा तुम्हालाही उघडणार नाही.

धागाकर्ता
ठाणेवाल्या ताईंचं पटलं, नाटकं आजच "घरचं" या फोल्डरमध्ये हलवली, ते आता दीड टीबी झालं. हे क्लाउडवर रोज रात्री, आणि दुसरी डिस्क साताऱ्याला मामांकडे. नाशिकच्या दादांची महिन्याची अडचण त्याने सुटते. मिरर मात्र तिसऱ्या डिस्कचे पैसे जमले की.

प्रतिसाद (नाशिक)
क्रम मला अजून उलटाच वाटतो, पण रोजचा क्लाउड असेल तर वाद घालत नाही. तेवढं एक करा, साताऱ्याला डिस्क नेण्याआधी ती दुसऱ्याच लॅपटॉपला लावून एका टेपची फाइल शेवटपर्यंत चालवून बघा, आणि स्क्रब (झेडएफएसने सगळा डेटा वाचून चेकसम तपासणं) महिन्यातून एकदा लावा, त्याचा रिपोर्ट मेलवर येऊ द्या, नाहीतर एरर येऊन पडतात आणि कोणी बघत नाही.