शिकागो ते एमरीव्हिल ५२ तास: प्रवास म्हणायचा की हौस?

ओझरकर:

गेल्या सप्टेंबरात आईला घेऊन कॅलिफोर्निया झेफिर या रेल्वेगाडीने शिकागोहून निघालो आणि थेट पश्चिम किनाऱ्याला एमरीव्हिलला उतरलो. २,४३८ मैल, दोन रात्री, वेळापत्रकाप्रमाणे साधारण ५२ तास. ऑफिसात एकाने विचारलं, "विमानाची भीती वाटते का?" आपल्या मराठी मंडळींचा प्रश्न त्याहून बोचरा: "त्या माऊलीला का छळतोस?" म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच आहे. आईवडील सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा त्यांना विमानतळ, मॉल, देऊळ आणि आपल्या घरामागचं गवत यापलीकडे या देशातलं काही दिसत नाही. त्यांना एकदा तरी या गाडीत बसवा.

डायनिंग कारमध्ये टेबल चौघांचं असतं. दोघेच गेलात तर समोर अनोळखी दोघांना आणून बसवतात. पहिल्या संध्याकाळी गाडी आयोवातून चालली होती आणि आमच्यासमोर नेब्रास्काचं एक वयस्कर शेतकरी जोडपं आलं. त्यांना मध्यरात्रीनंतर दोन-अडीचला होल्ड्रेजला उतरायचं होतं. आईने मला मध्ये घालून विचारलं, मका किती एकर? त्यांनी आकडा सांगितला. आई म्हणाली, "नीट विचार, तुला ऐकू आलं नसेल." मग त्यांनी आमचं विचारलं. द्राक्षं, चार एकर. गारपीट झाली की काय करता? तिथून जे सुरू झालं ते विम्याचे पैसे वेळेवर मिळतात का, इथपर्यंत पोचलं, आणि तिथे ओझर आणि नेब्रास्काचं पूर्ण एकमत झालं. मी नुसता दुभाषा. माझं जेवण गार झालं. सहा वर्षं या देशात राहून मी एकाही शेतकऱ्याशी बोललो नव्हतो, हे मला त्या रात्री वरच्या बर्थवर पडल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेन्व्हर सुटलं की गाडी वळसे घेत चढायला लागते आणि मोफॅट बोगद्यात शिरते. १९२८ साली खुला झालेला, सव्वासहा मैलांच्या आसपास लांबीचा, समुद्रसपाटीपासून ९,२०० फुटांवर. आत असेपर्यंत एका डब्यातून दुसऱ्यात जाऊ नका, दारं उघडली की इंजिनाचा धूर आत येतो, अशी घोषणा होते. आईला खंडाळ्याचे बोगदे आठवले. "तिथे पोरं ओरडतात. इथे सगळे गप्प कसे?" पुढे कितीतरी तास कोलोरॅडो नदी खिडकीशी. तिथे रबरी होड्यांतून जाणारी मंडळी गाडी दिसली की पाठ वळवून पँट खाली करतात, जुनी प्रथा आहे. मी आईला म्हटलं, "हात करताहेत." ती म्हणाली, "मला मोतीबिंदू नाही रे."

आमची गाडी वेळेवर पोचली, हे आधीच सांगून टाकतो. आता बोला.

हिशोबी:

सुंदर लिहिलंय, पण तुम्ही लिहिलंय ते सहलीचं वर्णन आहे. सहलीला माझी हरकत नाही. तिला वाहतूक म्हणायला हरकत आहे.

मी ह्यूस्टनला राहतो. लोकसंख्येने देशातलं चौथं शहर. इथे न्यू ऑर्लिन्स-लॉस एंजलिस सनसेट लिमिटेड आठवड्यातून तीनदा जाते आणि तीनदा येते. संपलं. कोलंबस, नॅशव्हिल, लास व्हेगास यांच्या नशिबी तेवढंही नाही. क्लीव्हलंडला गाड्या आहेत, पण मध्यरात्र ते पहाट या वेळात. तुमचे शेतकरी आजोबा रात्री अडीचला उतरले ते तुम्हाला गोड वाटलं. सत्तरीच्या माणसाने थंडीत त्या वेळी उतरून गाडी चालवत घरी जायचं, यात गोड काय आहे?

मीही एकदा बसलोय अशा लांबच्या गाडीत. पहाटे चारला उतरायचं होतं, दुपारी साडेबाराला उतरलो. त्यातले साडेतीन तास एका शेताच्या कडेला उभे. हेच कल्याणला पाऊण तास झालं असतं तर आपण स्टेशन मास्तरच्या केबिनबाहेर जमलो असतो. इथे मात्र "वा, काय आकाश आहे!"

आणि यासाठी पैसे कोण भरतं? ७५० मैलांहून लांबच्या गाड्यांचा तोटा केंद्र सरकार उचलतं, म्हणजे तुम्ही-आम्ही. बॉस्टन ते वॉशिंग्टन पट्ट्यात रेल्वे हवीच. न्यूयॉर्क-वॉशिंग्टनमध्ये ती विमानांना मागे टाकते. तिथे पैसे घाला. ५२ तासांच्या गाड्या संग्रहालयात ठेवा.

मिरजेचा_मिसळवाला:

हिशोबींशी सहमत. तिकिटाचं लिहिलं नाहीत ओझरकर. कितीला पडलं?

ओझरकर:

खरं सांगतो. रूमेटला (रूममेट नव्हे, समोरासमोरच्या दोन खुर्च्यांचा रात्री पलंग होतो ती खोली) दोघांच्या विमानाच्या तिकिटांच्या जवळजवळ तिप्पट मोजले. जेवणं त्यात धरलेली. भाडं विमानासारखं वरखाली होतं, आधी काढलं तर बरं पडतं. बसून जायचं असेल तर कोच स्वस्त आणि खुर्ची विमानाच्या बिझनेस क्लासला लाजवेल इतकी ऐसपैस, पण पांघरूण आपलं आपण न्यायचं.

हायलाइनची_नर्स:

हिशोबी, संग्रहालयात ठेवा म्हणालात म्हणून लिहिते, एरवी मी नुसती वाचते.

मी उत्तर मोंटानात हॅव्हर गावात तीन वर्षं नोकरी केली. तिथून रोज एक एम्पायर बिल्डर पूर्वेला आणि एक पश्चिमेला जाते, शिकागो ते सिएटल-पोर्टलंड. तुमच्यासाठी ती खिडकीतून ग्लेशियर नॅशनल पार्क बघायची गाडी. आमच्याकडे मोठ्या शहरातल्या डॉक्टरला दाखवायला जाणारे पेशंट तिने जायचे, हॉस्टेलवरची पोरं सुट्टीला तिनेच यायची. विलिस्टनला तेलाच्या कामावर जाणारे हेल्मेटसकट चढायचे. जानेवारीत हायवे बर्फाने बंद झाला की गावात एकच प्रश्न: बिल्डर निघाली का? ती उशिरा यायची, मान्य. पण यायची.

आणि जुन्या धार्मिक रीतीने राहणारी ती आमिश कुटुंबं बघा. ते मोटार चालवत नाहीत, बरेचसे विमानात बसत नाहीत. शिकागोच्या युनियन स्टेशनवर लांब काळे कोट आणि पांढऱ्या टोप्या घालून डबे उघडून बसलेले दिसतील. त्यांनी काय करायचं? झेफिरवर शिकागोपासून एमरीव्हिलपर्यंत बसून जाणारे थोडेच. बाकीचे मधल्या मध्ये चढतात आणि उतरतात. तुम्ही ५२ तास मोजताय, ते सात-आठ तास मोजतात.

हिशोबी:

ताई, मुद्दा पटला, पण मग एक विमान किंवा चांगली बस द्या की! हजारो मैल रूळ कशाला?

हायलाइनची_नर्स:

विमान आहे ना. हॅव्हरहून छोटं विमान बिलिंग्जला जातं. तेही सरकारी अनुदानावर. १९७८ साली विमान कंपन्यांवरची बंधनं उठवली तेव्हा लहान गावं वाऱ्यावर पडतील म्हणून ही योजना आणली. ती आजही चालू आहे. तिला कोणी संग्रहालयात ठेवा म्हणत नाही.

ओझरकर:

आणि हायवेचं काय? पेट्रोलवरचा केंद्राचा कर गॅलनला १८.४ सेंट. १९९३ पासून तेवढाच. त्यातून रस्त्यांचा खर्च भागत नाही म्हणून २००८ पासून सर्वसाधारण तिजोरीतून त्या निधीत भर घालताहेत. रस्त्यावर घातला की तो विकास आणि रुळावर घातला की तो तोटा, हा कुठला हिशोब, हिशोबी?

हिशोबी:

हा टोला मान्य. पण रस्ता दिवसातून एकदाच उघडत नाही, एवढं लक्षात असू द्या.

निवृत्त_कंट्रोलर:

इतक्या वेळ वाचत होतो. मी भुसावळला सेक्शन कंट्रोलर (कोणती गाडी आधी सोडायची ते ठरवणारा) होतो, आता मुलीकडे ओहायोत असतो. हिशोबींची गाडी शेताजवळ साडेतीन तास का उभी होती, यावर कोणीच बोललं नाही.

आपल्याकडे राजधानी येते म्हटल्यावर आम्ही मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घ्यायचो. मालगाडीचा ड्रायव्हर फोनवर काय काय बोलायचा ते इथे लिहित नाही. इथे कायदा तोच आहे. प्रवासी गाडीला अग्रक्रम, १९७३ पासून कायद्यात लिहिलेलं. पण रूळ ज्यांचे, कंट्रोल त्यांचा. १ मे १९७१ ला अॅमट्रॅक ही सरकारी प्रवासी रेल्वे सुरू झाली तेव्हा खासगी कंपन्यांनी तोट्यातल्या प्रवासी गाड्या सरकारच्या गळ्यात घातल्या आणि रूळ स्वतःकडे ठेवले. ईशान्येकडचा पट्टा सोडला तर बहुतेक ठिकाणी ही गाडी भाडेकरू आहे. झेफिर डेन्व्हरपर्यंत बीएनएसएफ या मालवाहू कंपनीच्या रुळावर, पुढे युनियन पॅसिफिक या दुसऱ्या कंपनीच्या.

आणि खरी मेख लांबीत आहे. आपली लूप साधारण सातशे मीटरची आणि मालगाडी तिच्यात बसेल एवढीच बांधतात. इथे दोन-दोन, तीन-तीन मैलांची मालगाडी सोडतात. चालक कमी लागतात, खर्च वाचतो. ती लूपमध्ये मावतच नाही. एकेरी मार्गावर समोरासमोर आल्या तर बाजूला कोण होणार? जी मावते ती. म्हणजे तुमची दहा डब्यांची गाडी. कंट्रोलरच्या जागी मी असतो तरी मला दुसरं काही करता आलं नसतं. चूक त्याची नाही, तेवढी लांब गाडी त्या सेक्शनवर सोडणाऱ्याची आहे.

अग्रक्रम मोडला तर खटला फक्त न्याय खात्याने भरायचा. तो भरला १९७९ मध्ये सदर्न पॅसिफिकवर, आणि त्यानंतर थेट २०२४ मध्ये नॉर्फोक सदर्नवर, क्रेसेंट गाडीच्या उशिरांवरून. मधली पंचेचाळीस वर्षं कायदा लूपला उभा होता.

मिरजेचा_मिसळवाला:

"कायदा लूपला उभा होता." साहेब, दंडवत!

हिशोबी:

साहेब, ही माहिती मला नवीन आहे, आभार. पण यातून माझाच मुद्दा निघतो ना? रूळ त्यांचे, गाड्या त्यांच्या, पैसा मालात. मालवाहतूक अमेरिकन रेल्वे झकास करते. मग ज्याचं काम त्याने करावं. आपल्याकडे उलटं केलं, मालाच्या भाड्यातून प्रवासी पोसले, आणि माल ट्रकवर गेला.

निवृत्त_कंट्रोलर:

अर्धं बरोबर आहे. मालाचं भाडं चढं ठेवून प्रवाशांचं खाली ठेवलं, त्यात माल रस्त्यावर गेला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. म्हणून तर मालगाड्यांसाठी वेगळे मार्ग बांधायची वेळ आली. पण तुम्ही म्हणता तसं इथल्या कंपन्यांचे रूळ निव्वळ त्यांचे नाहीत हो. १८६९ साली युटात पूर्वेचे आणि पश्चिमेचे रूळ जोडले, तेव्हा त्या कंपन्यांना मैलामागे सरकारी जमीन आणि सरकारी कर्जरोखे मिळाले होते. कॅलिफोर्नियाच्या सिएरा डोंगरातले बोगदे चिनी मजुरांनी बर्फात खोदले. झेफिर आजही तिथल्या डॉनर खिंडीतून जाते ती जवळजवळ त्याच वाटेने. जनतेच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या रुळावर दिवसातून एक गाडी जनतेची, हे काही फार मागणं नव्हे.

पाठपिशवी२२:

मी विद्यार्थी. रेल पास काढून फिरलो, ३० दिवसांत १० टप्पे, फक्त कोच. तीन रात्री ओळीने खुर्चीत झोपलो तर चौथ्या दिवशी पाठीला स्वतःचं मत असतं. मात्र वरती काचेच्या छताचा लाउंज डबा आहे तिथे दिवस कसा गेला कळत नाही. शाकाहारींना सूचना: कॅफेत मायक्रोवेव्ह केलेलं काहीतरी मिळतं, त्याच्या भरवशावर राहू नका. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन गेलो होतो. शेजारच्या आमिश काकूंनी चटणी चाखली, मग तासभर पाणी पीत होत्या आणि उतरताना घरच्या जॅमची बाटली हातात ठेवून गेल्या.

ओझरकर:

आम्हीही दशम्याच नेल्या होत्या! आईचा मुळात अमेरिकन स्वयंपाकावर विश्वास नाही.

हिशोबी, एक सांगायचं राहिलं. गाडी सॅन फ्रान्सिस्कोत जातच नाही. खाडीच्या अलीकडे एमरीव्हिलला उतरवते आणि पुढे बस. दोन रात्री बसून शेवटी यष्टी. आई म्हणाली, "हे आपल्यासारखंच झालं." हा मुद्दा तुम्हाला फुकट देतो.

हिशोबी:

घेतला. पण आता तुम्हा सगळ्यांना सांगायची लाज वाटतेय. पुढच्या महिन्यात माझे सासरे येताहेत. मध्य रेल्वेत गार्ड होते. ही चर्चा बायकोने वाचली आणि त्यांना फोनवर वाचून दाखवली. त्यांना आता तो बोगदा बघायचाच आहे. रूमेटमध्ये वरच्या बर्थवर ७१ वर्षांचा माणूस चढू शकेल का?

ओझरकर:

अजिबात नको. वरचा तुम्ही घ्या, अरुंद आहे, बसता येत नाही, पट्टे लावून झोपायचं. शॉवर आणि बहुतेक शौचालयं खालच्या मजल्यावर, खोलीत नाहीत, त्यामुळे खालच्या मजल्यावरची खोली मिळते का बघा. शिकागोहूनच निघा, म्हणजे डोंगर दोन्ही दिवशी उजेडात मिळतात. डेन्व्हर सुटल्यावर त्यांना आधी लाउंजमध्ये नेऊन बसवा, नंतर जागा मिळत नाही.

निवृत्त_कंट्रोलर:

कोणत्या विभागात होते गार्डसाहेब? मुंबई की भुसावळ? भुसावळ असेल तर नाव ओळखीचं निघेल. निरोप द्या.

हिशोबी:

सोलापूर. देतो निरोप. परतीचं मात्र विमानाचं काढलंय.