गच्चीवरच्या पार्टीत दारू-ड्रग्ज निघाले तर जबाबदार कोण?

गोरेगावकर: सोसायटीच्या गच्चीवर सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची वाढदिवसाची पार्टी आहे. यजमान पालक कितपत अडकतात?

वकीलकाका: दारू त्यांनी दिली तर सरळ अडकतात. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७: अठराखालच्या मुलाला दारू किंवा ड्रग्ज देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी, १ लाखापर्यंत दंड. ‘नजरेसमोर घेऊ दे’ ही पळवाट नाही. अठरा पूर्ण असली तरी महाराष्ट्रात बिअरला २१, व्हिस्की-रमला २५ लागतात. ड्रग्जसाठी एनडीपीएसचं (अमली पदार्थविरोधी कायद्याचं) कलम २५ बघा: माहीत असून जागा वापरू दिली, तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. सगळी मेख ‘माहीत असून’ मध्ये आहे. गांजाचा वास आला की तिथेच पार्टी थांबवा, काणाडोळा नको.

परळची ताई: सरबताचा जग उघडा ठेवू नका, व्होडका त्यातच ओततात. सीलबंद छोट्या बाटल्या द्या. पाण्याच्या टाकीमागे दर अर्ध्या तासाने फेरी मारा.

नर्स_अंधेरी: कुणी बेशुद्ध पडलं तर कुशीवर वळवा, १०८ लावा. ‘झोपला की उतरेल’ म्हणून एकटं सोडू नका, उलटी श्वासनलिकेत जाते. लिंबूपाणी, कॉफी अजिबात पाजू नका. आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा, उपचार त्यावरच ठरतो.