पहिलीसाठी शाळा : मनपाची की अनुदानित?

फ्लॅट १०३ : नमस्कार. येत्या जूनपर्यंत माझ्या मुलाला सहा वर्षे पूर्ण होतील आणि त्याला मराठी माध्यमात घालायचे आम्ही ठरवले आहे. आपल्या मानेवाडा भागात मनपाची शाळा पायी जाण्याइतकी जवळ आहे, अनुदानित शाळेसाठी मात्र ऑटो लावावा लागेल. केंद्रीय विद्यालयाचाही विचार आहे. ज्यांनी शाळा आतून पाहिल्या आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

फ्लॅट ३०२ : ताई, केंद्रीय विद्यालयात मराठी माध्यम नाही आणि प्रवेशात केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य असते, तेव्हा तो विचार बाजूला ठेवा. राहिलेल्या दोहोंपैकी अनुदानित शाळा म्हणजे खासगीसारखी, हा समज आधी काढून टाकावा. तेथील शिक्षकांचे वेतनही शासकीय अनुदानातूनच होते आणि बालभारतीची पुस्तके आठवीपर्यंत दोन्हीकडे मोफत मिळतात.

खरा प्रश्न पटाचा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवी मिळून ६० मुलांपर्यंत २ शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना ३ शिक्षक मिळतात. म्हणजे पटावर ५५ मुले असतील, तर दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. एका वर्गाला शिकवताना शेजारचा वर्ग पाढे लिहीत बसतो. हे पाहून पालक मुले काढतात, पट आणखी घसरतो आणि उरलेल्यांची अवस्था अधिकच बिकट होते. म्हणून इमारत किंवा माध्यम पाहण्याआधी पट किती, शिक्षक किती आणि जोडवर्ग (दोन-तीन इयत्ता एकाच शिक्षकाकडे एकत्र) भरतात का, हे विचारा. यू-डायस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर शाळेचे प्रगतिपत्रक पाहता येते, तरीही प्रत्यक्ष जाऊन खात्री करा.

माझी मुलगी मनपा शाळेत दुसरीत असताना मी एकदा मागच्या बाकावर बसलो होतो. एका मुलाने ४२ वजा १७ बरोबर ३५ असे लिहिले. बाईंनी फुली मारली नाही. त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवून त्यातून १७ काड्या मागितल्या. सुट्या काड्या पुरेनात, तेव्हा त्याने स्वतःच एका गठ्ठ्याचे रबर सोडले आणि उरलेल्या काड्या मोजून २५ लिहिले. त्या दिवसापासून माझी चिंता मिटली. याउलट एका अनुदानित शाळेत आम्हाला संगणक कक्ष आणि स्नेहसंमेलनाचे फोटो दाखवले, पहिलीच्या वर्गाकडे मात्र जाऊ दिले नाही.

फ्लॅट २०४ : भाऊ, शिकवण्याबद्दल मान्य आहे, पण मनपा शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहाचे काय? माझ्या भाचीला दुपारपर्यंत पाणी न पिता राहावे लागत असे.

फ्लॅट ३०२ : काकू, तुमची तक्रार रास्त आहे आणि ती मी कमी लेखणार नाही; आमच्याकडेही हाच त्रास होता. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. आम्ही सलग तीन बैठकांत हा विषय लावून धरला, तेव्हा कुठे नळ आणि दाराची कडी बसली.

फ्लॅट १०३ : मनःपूर्वक आभार. उन्हाळ्याच्या सुट्या लागण्याआधी वर्ग भरलेले असताना दोन्ही शाळांत जाऊन पहिलीच्या वर्गात बसू द्या, अशी विनंती करते. काकू, स्वच्छतागृहही मी स्वतः पाहून येईन.